तळपायावरचा धागा

मधुमेहात पायांची जाणीव कुणाची जाते आणि का जाते, यावर आमचं संशोधन चालतं. तपासणी अगदी साधी. पेशंटने डोळे मिटून पडायचं, आम्ही नायलॉनचा ताठ धागा तळपायाला टेकवायचा आणि तो लागला की पेशंटने 'जी' म्हणायचं. लखनौत मात्र हे काम म्हणजे डोक्याला ताप. मी सांगलीची. आमच्याकडे माणूस 'नाय लागत' म्हणून मोकळा होतो. इथले लोक धागा टेकवला नाही तरी 'जी' म्हणतात. म्हणून आम्ही मधेच मुद्दाम नुसतं थांबतो, आणि तेव्हाही 'जी' ऐकू आलं की मी खेकसते, "लगने पर बोलिए!" एवढी कसली मेली अदब, असंच मला वाटायचं.

गेल्या महिन्यात तुलनेसाठी माझ्या वयाची निरोगी माणसं कमी पडली, तेव्हा मीच टेबलावर आडवी झाले. धागा माझ्या हाताखालच्या मुलीकडे होता. टाच कळली, चवडा कळला. मग काहीच लागेना. ती मुद्दाम थांबली असेल. किंवा धागा अंगठ्याला टेकूनही गेला असेल. डोळे मिटलेल्या माणसाला ते कसं कळणार? पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"जी," मी म्हणाले.

"मॅडम," ती अगदी हळू म्हणाली, "लगने पर बोलिए."