तोकेंच्या गाडीचं अजून थोडं राहिलंय

कझाकस्तानातल्या आमच्या कारागांडीत ज्यांच्या शेजारी बसून गाडी चालवताना भलेभले ब्रेक कुठला ते विसरायचे, ते तोलेगेन आता निवृत्त झालेत. परवान्याच्या परीक्षेत त्यांनी अर्धं शहर नापास केलं. उरलेलं अर्धं आजही चौकात वळताना उगाचच आरशात बघतं. अशा या थोर परीक्षकाची स्वतःची गाडी गेले दोन हिवाळे अंगणात विटांवर उभी आहे आणि त्यांची बायको कुल्याश बाजाराला बसने जाते. तोकेंना (त्यांना सगळे आदराने तोकेच म्हणतात) त्या गाडीसाठी वेळ नसतो. त्यांची दुसरी एक गाडी आहे. ती मांडीवर मावते.

ही दुसरी गाडी शर्यतीची. इंजिन अक्रोडाएवढं, आवाज मात्र चिडलेल्या गांधीलमाशांच्या पोळ्यासारखा. हातात रिमोट घेऊन ती पळवायची. दर रविवारी भाजीच्या जुन्या गोदामामागे, जिथून पुढे गवताळ माळ थेट आभाळापर्यंत जातो, तिथल्या मातीच्या ट्रॅकवर आमचा क्लब जमतो. पिकल्या केसांची माणसं लाकडी मचाणावर ओळीने उभी राहतात आणि खाली धुळीत पळणाऱ्या खेळण्यांवर ओरडतात. बायका थर्मासमधला दुधाचा चहा ओततात आणि बघून न बघितल्यासारखं करतात.

पळवण्याचा भाग तोकेंना फारसा आवडत नाही. पळवली की गाडी मळते. त्यांचा खरा आठवडा रविवारी संध्याकाळी सुरू होतो. कुल्याशच्या कणीक लाटायच्या फळीवर गाडी सुटी होऊन पडते. दात घासायच्या ब्रशने चाकाच्या खाचेतली माती निघते, दणका झेलणाऱ्या नळ्यांमधलं तेल बदलतं, मग ते फारच पातळ वाटतं, मग पुन्हा बदलतं.

"म्हाताऱ्या, मला बाउरसाक तळायचेत. फळी दे," कुल्याश म्हणते.

"झालंच. अजून थोडं राहिलंय."

"लग्नाच्या दिवशीसुद्धा हेच म्हणाला होतास. पाहुणे दारात, आणि तू बुटाला पॉलिश करत बसलेला."

"बूट चमकत होते की नाही?"

"एकच चमकत होता."

क्लबात तोकेंच्या गाडीएवढी नेटकी गाडी दुसरी नव्हती आणि त्यांच्याएवढं सातत्याने मागे राहणंही दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. कारण सोपं होतं. सकाळच्या सरावात गाडी झकास पळे. मग माळावरचा वारा फिरे. वारा फिरला की इंजिनाला मिळणारं इंधन कमी-जास्त करायला हवं, असं तोकेंचं शास्त्र होतं आणि ते खरंही होतं. फक्त आमच्याकडे वारा दिवसभर फिरतो. कानामागे खोचलेला छोटा स्क्रूड्रायव्हर बाहेर येई, एक स्क्रू किंचित फिरे, आणि दुपारच्या शर्यतीत पंगतीतून उठवल्यासारखी त्यांची गाडी कडेला उभी राही. तरी हेमंतातला चषक एकदा तरी या गाडीने जिंकावा, एवढीच त्यांची आयुष्याकडून अपेक्षा उरली होती. बाकी सगळ्यांना त्यांनी नापास केलं होतं.

आता सायातबद्दल सांगायला हवं. हा तोकेंच्या बहिणीचा मुलगा. वय चाळिशीकडे झुकलेलं, फरशीचं दुकान, पोट सुटलेलं, आणि रिमोटवर अंगठे मात्र असे की बघत राहावं. आमच्यात बहिणीच्या मुलाला आजोळच्या घरातून तीनदा हवं ते मागता येतं आणि मामाला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्या मामाचा हात थरथरायला लागतो, असं मानतात. आणि तोकेंच्या छंदात हात थरथरून चालणार नव्हतं. सायातने पहिल्यांदा एक शिंगरू नेलं होतं, लग्नात आजोबांचं चांदीने मढवलेलं खोगीर नेलं. तिसरं मागणं अजून शिल्लक होतं. म्हणून भाचा समोर दिसला की तोके मोठ्या आवाजात गाडीची निंदा करत. "खटारा झालीय. इंजिन गेलंय. मी तर टाकूनच देणार आहे." वर्षानुवर्षं त्यांनी ही खबरदारी घेतली.

चषकाच्या दिवशी सकाळी मात्र वारा पडला. माळावरचं गवतसुद्धा हलत नव्हतं. तोकेंनी इंजिन सुरू केलं, कान लावला, स्क्रूड्रायव्हर काढला, आणि परत कानामागे ठेवला. मग जन्मात कधी न म्हटलेलं वाक्य ते म्हणाले, तेही मोठ्याने.

"आज हिच्यात करण्यासारखं काही उरलं नाही."

मागे सायात उभा होता, हातात बाउरसाक घेऊन.

"मामा, पुन्हा म्हणा बरं."

"काय? कुठे काय? खटारा आहे ती."

"माझं एक मागणं राहिलंय ना?"

"सायात, बाळा, विटांवरची मोठी गाडी ने. दोन्ही हातांनी देतो!"

"ती चालत नाही. ही द्या. आत्ता."

तोकेंनी कुल्याशकडे पाहिलं. कुल्याशने चहात लक्ष घातलं. "दे ना, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "माझी फळी तरी सुटेल."

त्यांनी रिमोट दिला. वर आशीर्वादही दिला, द्यावाच लागतो. चेहरा दात उपटून घेणाऱ्यासारखा होता. आता एकच आशा होती: आपल्या हातून नाही तर नाही, पण गाडी तरी जिंको.

शर्यतीत नसलेल्यांनी वळणावळणावर उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, असा क्लबचा नियम आहे. उचलायची, चाकांवर ठेवायची, बाजूला व्हायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. तोकेंना उंचवट्यापुढचं वळण मिळालं.

सायातने गाडी अशी पळवली, की ती याआधी कधी खऱ्या अर्थाने पळालीच नव्हती हे सगळ्यांना कळलं. दुसऱ्या क्रमांकाची गाडी अर्धा ट्रॅक मागे पडली. तोके तोंडावर हात ठेवून उभे होते. शेवटून दुसऱ्या फेरीत मात्र माळावरून झुळूक आली, गाडी उंचवट्यावरून उडाली आणि मामांच्या पायाशी उताणी पडली.

तोकेंनी झडप घालून उचलली. लगेच ठेवली असती तर चषक घरात होता. पण गाडी हातात होती आणि इंजिन चालू होतं. त्यांची मान आपोआप तिरकी झाली.

"मामा, ठेवा!" मचाणावरून सायात ओरडला.

"घुसमटतंय रे हे!"

"घुसमटू दे! ठेवा खाली!"

"वारा फिरलाय, एवढं कळत नाही तुला?"

स्क्रूड्रायव्हर कानामागून निघाला. स्क्रू केसभर फिरला. तोकेंनी ऐकलं, मान हलवली, किंचित उलटा फिरवला, आणि मग बाहीने गाडीची काच पुसली. तोवर तीन गाड्या बाजूने निघून गेल्या. शेवटी त्यांनी तिला अलगद, पाळण्यात ठेवावं तसं, मातीवर ठेवलं.

शेवटच्या फेरीत ती गाडी दिवसभरात कुठलीच पळाली नव्हती इतक्या वेगात पळाली. रिम्मा, आमची पंच, भोंगा तोंडाशी धरून म्हणाली, "आवाज सुंदर आहे, तोके. गाडी बाद."

सायात मचाणावरून उतरला तेव्हा लालबुंद झाला होता. "घ्या! घ्या तुमची गाडी! मला नको."

तोकेंचे डोळे लकाकले. पण ते रीतीभातीचे माणूस. "भाच्याला दिलेलं घरात परत घेत नाहीत," ते गंभीरपणे म्हणाले. "लोक काय म्हणतील? गाडी तुझीच. मी फक्त जरा बघून देतो. मागचं उजवं चाक मला पटलेलं नाही."

त्याला आता वर्ष होत आलं. गाडी सायातची आहे आणि कणकेच्या फळीवर आहे. शनिवारी तो फोन करतो. कुल्याश तोकेंच्या कानाला फोन लावते, कारण त्यांचे हात तेलकट असतात.

"मामा, उद्या शर्यत आहे. झाली का?"

तोके गाडीकडे बघतात. इंजिन उत्तम आहे, चारही चाकं फिरताहेत, वारा पडलेला आहे.

"नाही रे," ते म्हणतात. "अजून थोडं राहिलंय."