सगळ्यांचं सेटिंग एक

दुसऱ्याच्या कीबोर्डवर बोटं ठेवायची मला शिसारी येते. कींच्या फटीत अडकलेली शेव, ‘एंटर’वर समोशाच्या तेलाचा चकचकीत थर आणि फुंकर मारूनही न हलणारा कुणाचा तरी एक केस. रबाळ्याच्या कारखान्यांमध्ये आमच्या कंपनीची काचेची इमारत आहे. तिथे नवा टीम लीड आला आणि आल्या आल्या त्याने सगळ्यांच्या ठरलेल्या जागा काढून टाकल्या. सकाळी येईल त्याने मिळेल त्या मशीनवर बसायचं. मी पर्समध्ये स्पिरिट आणि कापूस ठेवायला लागले. शेजारचा एक सहकारी रोज विचारायचा, “ताई, आज कुठल्या कीला इंजेक्शन?”

ती किळस निदान कापसाने पुसता येत होती. पाठोपाठ आलेली पुसता येईना.

आमच्या कामात प्रोग्राम ज्यात लिहितात तो एडिटर जो तो आपल्या हाताला बसेल तसा करून घेतो. अक्षरं केवढी, रंग कोणते, कुठल्या की एकत्र दाबल्या की काय व्हावं, हे सगळं एका फाइलमध्ये लिहून ठेवता येतं. लीडने आपली एक फाइल काढली आणि ती सगळ्या मशीनवर चढवली. मशीन चालू केलं की तुमचं सेटिंग पुसलं जायचं आणि त्याचं बसायचं. मीटिंगमध्ये तो म्हणाला, “कोणीपण कोणाच्यापण मशीनवर बसला पायजे. पर्सनल आवडीनिवडी घरी ठेवा. इथे स्टँडर्ड.” सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे इंग्रजी शब्द जोरात उच्चारला की माना आपोआप डोलतात.

माझ्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं अर्धी आहेत. वडील साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या घाऊक बाजारात माथाडी होते. शाळेत असताना त्यांना डबा द्यायला गेले आणि गाळ्याचं शटर वरून सुटलं. आता लोक कंट्रोल आणि शिफ्ट नेमक्या त्याच दोन बोटांनी दाबतात. उजवीकडेही त्या की असतात, पण तिकडे जायचं तर अख्खा उजवा हात जागेवरून उठतो आणि दर वाक्याला हात उठला की काम होत नाही, कसरत होते. म्हणून मी नोकरीला लागल्यापासून हळूहळू सगळे शॉर्टकट अंगठ्याखालच्या एका कीवर आणले होते. एखादा चुकायचा, दुसऱ्याशी भांडायचा, तो बदलायचा, पुन्हा सवय करायची. वर्षं गेली त्यात. मग असं झालं की मला अर्धी बोटं आहेत हे काम करताना आठवेनासंच झालं.

वडिलांचा पोती उचलायचा लोखंडी आकडा असाच होता. मुठीला धोतराची चिंधी, त्यांच्या पकडीच्या मापाने गुंडाळलेली. कुणी मागितला तर म्हणायचे, “आकडा न्हाय देत. पायजे तर तुजं पोतं उचलून देतो.” आणि द्यायचेही उचलून.

लीडच्या फाइलने मला पुन्हा शाळेतली मुलगी केलं. दोन की एकदम दाबायच्या म्हणजे मनगट वाकडं करून तळहाताची कड वापरायची. त्यात नको ती की दाबली जायची आणि लिहिलेलं गायब व्हायचं. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत भरून यायचा. सगळ्यात वाईट होता ओळी तात्पुरत्या बंद करायचा शॉर्टकट. प्रोग्राममधली ओळ पुसायची नसते, नुसती थांबवायची असते. ते दिवसभर करावं लागतं. सगळ्या जगात त्यासाठी कंट्रोल आणि स्लॅश अशा दोन की असतात. लीडच्या फाइलमध्ये तीन होत्या, कंट्रोल, शिफ्ट आणि सात. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सगळे आज्ञाधारकपणे बोटं फाकवून तीन की दाबत होते. ते पाहून मला किळस यायची.

मी मंदावले, ते सगळ्यांना दिसत होतं. लीडने मला केबिनमध्ये बोलावलं. आवाजात साखर घोळलेली.

“मॅडम, तुमचा त्रास मला कळतो. मी काय म्हणतो, तुमी कोडिंग सोडा ना. कोऑर्डिनेशनला या. क्लायंटशी बोलायचं, मीटिंगा लावायच्या. नो टेन्शन.”

“मला त्रास बोटांचा नाही,” मी म्हटलं. “तुमच्या फाइलचा आहे. माझी फाइल परत द्या, उद्यापासून पूर्वीसारखं काम होईल.”

“तुम्हाला दिली तर सगळे मागतील. विचार करा. महिनाअखेरीला फायनल करू.”

म्हणजे मीटिंगा लावायच्या. जे काम मी घासूनघासून शिकले, ज्यात मला माझा हात पुरा वाटायचा, ते सोडून लोकांना ‘आवाज येतोय का’ विचारत बसायचं. तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो इतक्या गोड चेहऱ्याने बघत होता की शिवी देण्याचीही सोय नव्हती.

त्यानंतर कुणाच्या तरी निरोपाचे समोसे आले. लीड रंगात होता. एक जण सहज म्हणाला, “सर, ते तीन कीवालं काय लॉजिक आहे? बोटं दुखतात राव.”

लीड खो खो हसला. “अरे, लॉजिक कसलं! जुन्या कंपनीत माझ्या लॅपटॉपवर चहा सांडलेला. स्लॅशची की मेली. मग टाकला सातवर. आता हात तिकडेच जातो ना!”

सगळे हसले. समोसा तोंडात ठेवून हसले. बोटं दुखणाराही हसला. मी हातातली प्लेट खाली ठेवली. एका माणसाचा चहा सांडला, त्याची एक की मेली, म्हणून मजलाभर धडधाकट माणसं रोज बोटं वाकडी करत होती आणि त्याला स्टँडर्ड म्हणत होती. माझी दोन बोटं गेली, ती मात्र पर्सनल आवड.

मी हे तसंच्या तसं बोलले. सगळ्यांसमोर. हशा थांबला. लीड गोरामोरा झाला आणि मग सावरून म्हणाला, “तसं असेल तर ऑफिशियल करा. सर्टिफिकेट आणा, मग एक्सेप्शन करता येईल.”

आणलं. सरकारी दवाखान्यात रांग लावली. डॉक्टरांनी बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि अपंगत्वाची टक्केवारी काढून दिली. इतकी वर्षं जी गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, जिच्यासाठी कधी सवलत घेतली नव्हती, ती शिक्क्यासकट लीडच्या टेबलावर ठेवताना माझीच मला चीड आली. पण कोडिंग सोडायचं नव्हतं. माझी फाइल परत मिळाली, ठरलेलं मशीन मिळालं आणि त्यावर चिकटवायला एक लेबलही मिळालं, ‘एक्सेप्शन’. मी ते लगेच नखाने खरवडून काढलं. गोंद राहिला, तो स्पिरिटने पुसला.

गेल्या आठवड्यात काहीतरी अडलं म्हणून लीड माझ्या मशीनशी आला. उभ्या उभ्याच वाकला, कीबोर्ड ओढला आणि बोटं फाकवून तीन की दाबल्या. काही झालं नाही. पुन्हा दाबल्या. जोरात दाबल्या.

“मॅडम, तुमचं मशीन बिघडलंय.”

“नाही सर,” मी म्हटलं. “ती स्लॅशची की दाबा. अंगठ्याखालच्या कीबरोबर. माझ्याकडे दोन्ही चालतात.”