भोरड्या हाकलणारा राखण्या

साल २०२२. मी अडुसष्ट वर्षांचा, आधार कार्डावर पासष्टचा. बोरीच्या शिवारात मालक माझ्यासमोर हरभऱ्याचा घाटा फोडून दाखवत होते. आत दाणा नव्हता. अळी होती.

"मामा, तुमी राखणीला असून हे असं?"

"माझी राखण पाखराची हाय. अळीला गोफण लागत न्हाई."

"आठ दिवसांत अळी हटली न्हाई तर नांगर घालून हरभरा मोडतो. मंग राखण्या तरी कशाला?"

मी दुसरी शिकलेलो. पण चाळीस वर्षं ज्वारी राखली. दाणा हुरड्यात आला की भोरड्या पडतात. मैनेएवढं पाखरू, काळं डोकं, गुलाबी अंग. थवा बसला की कणसं मोकळी. म्हणून बसूच द्यायचं नाही, हा माझा कायदा. यंदा मालकानं ज्वारीऐवजी हरभरा पेरला. कायदा मी तोच ठेवला.

त्याच दुपारी परभणीच्या एक मॅडम आल्या. गळ्यात दुर्बीण. पाखरं मोजायची नोकरी. मी गोफण फिरवताच ओरडल्या, "बाबा, थांबा! का हाकलता?"

"धंदा हाय माझा."

"हरभऱ्यात त्या काय खातात, पाहिलंय?"

बसूच दिलं नव्हतं, तर पाहणार कुठून? पण तसं कबूल कोण करतो! म्हणलं, "मला शिकवू नका. पावसाळ्यात ही पाखरं जिंतूरच्या डोंगरात ऱ्हातात. तिथंच अंडी घालतात."

मॅडम हसल्या नाहीत. मोबाइलवर नकाशा काढून हिमालयाच्या पार पल्याड बोट ठेवलं. "घरटी इथं, दगडांच्या फटीत. हिवाळ्याला आपल्याकडं येतात, होळीच्या सुमाराला परततात. कित्येक पाखरं कमी झाली. यांचं तसं नाही, अजून भरपूर आहेत."

"मुठीएवढं पाखरू? एवढं वलांडून?"

"दरवर्षी."

मी गोफण खांद्यावर टाकून बांधावर बसलो.

ऊन कललं अन् थवा आला. आधी धुरासारखा. मग तो धूर वळला, फाटला, पुन्हा एक झाला. हजारो पाखरं, एकाला एक धडकेना. माझा हात काही उठला नाही. सगळा थवा हरभऱ्यात उतरला. मॅडमनी दुर्बीण माझ्या डोळ्याला लावली. घाट्यात अर्धी शिरलेली हिरवी अळी भोरडीनं ओढली, ढेकळावर आपटली, गिळली. शेजारचीनं तेच. पुढचीनं तेच. चाळीस वर्षांत मी त्यांची पाठच पाहिली होती. चोच आज पाहिली.

हरभरा पुढं मोडावा लागला नाही. चौथाई गेला, बाकी घरी आला. ज्वारीचा कायदा हरभऱ्याला लावला की राखण्या अळीचाच होतो, एवढं मला कळलं.

थवा उतरला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी मालकाच्या दारात उभा राहिलो. म्हणलं, "अळी मीच वाढवली. हरभऱ्याला राखण्या नको." मी त्यांची कुऱ्हाड मागून घेतली, बाभळीच्या फांद्या तोडल्या अन् पाखरांना बसायला म्हणून हरभऱ्यात रोवत निघालो.