सोळा तासांचा केर

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा सरुबाईंचा नेम. निफाडला त्यांची आई पाळायची, तोच. नवरा, सोमनाथराव, देवळाली कॅम्पला बहिणीकडे गेले तरी फोन येईस्तोवर केरसुणी दाराआड उभी. "तासाभराची वाट, आणि कसला गं नेम!" ते चिडवायचे. सरुबाई ऐकून घ्यायच्या, पण केरसुणीला हात लावायच्या नाहीत.

बावीस वर्षं त्या सातपूरच्या एका कारखान्यात वॉशर मोजून पिशव्यांत भरतात. शंभराच्या पिशवीत कधी नव्याण्णव निघाले नाहीत.

त्या सोमवारी पहाटे त्यांची लेक तेजल अमेरिकेला शिकायला निघाली. जाताना तिकीट बघून कॅलेंडरवर लिहून गेली : मुंबई दुपारी एक, सॅन फ्रान्सिस्को दुपारी साडेचार, सोमवार.

म्हणजे साडेतीन तास. नाशिकहून मुंबईच्या विमानतळालाच चार लागतात. पण विमानाला कुठं कसारा घाट उतरायचाय, असं सरुबाईंनी मनाशी जुळवलं. साडेचारनंतर बॅगा घ्यायला म्हणून अर्धा तास वरून दिला. फोन आला नव्हता, पण तिकडचं सिम मिळालं नसेल. दिवे लागल्यावर झाडू नये, म्हणून पाचलाच त्यांनी केर काढला. तेजलच्या खोलीत केसांचा गुंतवा निघाला, चिकटपट्टीचे तुकडे, वजनात न बसलेल्या चिवड्याचे चार दाणे.

सहाला सोमनाथराव लेकीला विमानतळावर सोडून मुंबईहून परतले. फरशी बघून उंबऱ्यातच थबकले.

"फोन आला तिचा?"

"येईल आता. साडेचारलाच पोचली ना ती."

"कुठं पोचली! अगं, तेरा हजार किलोमीटर हाय ते. सोळा तास लागतात. साडेचार तिथल्या घड्याळात. आपल्याकडं पहाटेचे पाच होतील तेव्हा उतरंल पोरगी."

पोर आभाळात, आणि आपण घर झाडून बसलो! सरुबाई डब्याकडे धावल्या. घंटागाडी सकाळी यायची होती. केर अजून डब्यातच होता. त्यांनी तो सुपलीत काढला आणि तेजलच्या खोलीत जाऊन खाली बसल्या.

"काय चाललंय तुझं?"

"जागच्या जागी ठेवते."

सोमनाथराव हसणार होते. पण त्या चिवड्याचे चार दाणे मोजून मांडत होत्या. ते शेजारी टेकले, चिकटपट्टीचा तुकडा उचलून म्हणाले, "हा खिडकीपाशी होता, नाय का?"

पहाटे साडेपाचला फोन वाजला.

"आई, उतरले गं. झोपली नाहीस ना? इथं अजून सोमवारच आहे, दुपारचे पाच."

सरुबाईंनी कॅलेंडरवरच्या सोमवारावर बोट ठेवलं. सोमवार, पाच. त्यांनी केर काढला तीच वेळ.

"बघा," फोनवर हात ठेवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी झाडलं तेव्हा पोचलेलीच होती ती."

सोमनाथरावांनी दाराआडून केरसुणी आणून त्यांच्या हातात दिली.