म्युनिकची तडजोड

१९३८च्या सप्टेंबरात युरोपातले चार पुढारी म्युनिकला बैठकीला बसले होते. लढाई टळेल का, या काळजीनं कुरवंड्याची रतनबाई लोणावळ्याच्या बाजारात ताजुद्दीनच्या दुकानी, रेडिओपाशी येऊन बसली. आधीच्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला लढायला गेलेला तिचा नवरा परतलाच नव्हता. आता मुलगा रखमाजी पलटणीत होता.

बातमी येताच ताजुद्दीन ओरडला, "मावशी, लढाई टळली! चेक लोकांचा मुलूख जर्मनीला देऊन तडजोड झाली."

रतनबाईनं हात जोडले. मग विचारलं, "ज्यांचा मुलूख दिला, ती माणसं व्हती का बैठकीत?"

"नाही. त्यांना बसूच दिलं नाही."

तिचे हात खाली आले. "मंग हे टिकायचं न्हाई, भाऊ."

वर्षभरात लढाई पेटली. रखमाजी पलटणीबरोबर लढाईवर गेला. सात वर्षांनी तो लंगडत दारात उभा राहिला, तेव्हा ती कितीतरी वेळ त्याला नुसती चाचपत राहिली.