शर्टाच्या पानावरचं माप

माझे बाबा शिंपी. मुलगी म्हणून सांगत नाही, पण त्यांनी शिवलेली पँट अशी बसते की पट्टा नुसता शोभेला. दुकानात त्यांचा एकच कडक नियम होता, गिऱ्हाइकाच्या मापावर बोलायचं नाही. आकडा वहीत लिहायचा, तोंडातून काढायचा नाही.

गेल्या वर्षी त्यांना चक्कर आली म्हणून मी दवाखान्यात नेलं. सिस्टरने बेंबीवरून टेप फिरवला आणि बेचाळीस लिहिलं. बाबा भडकलेच.

"अहो, मी शिंपी आहे. माझी कंबर छत्तीस. वीस वर्षं छत्तीसच."

"पँटची असेल, काका. ती तुम्ही पोटाखाली घालता. हृदयाला भार होतो तो या पोटाचा."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रक्तदाबही चढलेला निघाला. घरी येऊन बाबा मापांची वही घेऊन बसले. एकेकाच्या पँटची कंबर वर्षानुवर्षं तीच, आणि शर्टाच्या पानावर पोटाचा आकडा दर खेपेला पुढे. ते शर्ट मुकाट्याने सैल करणारे बाबाच. सगळ्यांत मोठी उडी त्यांच्या शाळेपासूनच्या मित्राची होती, अडतीसवरून सेहेचाळीस. हा बस चालवतो, आणि हल्ली दुकानाच्या तीन पायऱ्या चढला तरी धापा टाकायचा.

पुढच्याच आठवड्यात तो कोटाचं कापड घेऊन आला. बाबांनी माप घेतलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर नियम मोडला.

"सेहेचाळीस. आधी डॉक्टरकडे जा, मग कोट."

"शिवायचं सोडून अक्कल शिकवायला लागलास?" मित्राने कापड काखोटीला मारलं आणि डोक्यात राख घालून निघून गेला.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी चिडून म्हणाले, "हळूच कानात सांगायचं होतं."

"कानात सांगितलं असतं तर हसण्यावारी नेलं असतं त्याने."

चार महिने मित्र फिरकला नाही. बाबा सकाळी एकटेच चालायला जायचे आणि परतताना त्याच्या गल्लीत रेंगाळायचे, पण दार वाजवायचा धीर होत नव्हता.

मग एका दुपारी तो आला, बायकोला घेऊन. चेहरा उतरलेला, शर्ट ढगळ.

"तुला खोटं पाडायला म्हणून डॉक्टरकडे गेलो," तो म्हणाला. "हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. ऑपरेशन झालं."

मित्राने तेच कापड टेबलावर ठेवलं आणि हात वर केले.

"घे माप. आणि मोठ्याने सांग."

"त्रेचाळीस," बाबा म्हणाले.

मित्राने टेप काढून घेतला, बाबांच्या बेंबीवरून फिरवला आणि दुकानभर ऐकू जाईल असा ओरडला, "एकोणचाळीस."

दोन्ही आकडे मी वहीत लिहिले. आता आमच्या दुकानात पोटाचं माप मोठ्याने सांगतात. ज्याला आवडत नाही त्याने दुसरा शिंपी बघावा, असं मीच गिऱ्हाइकांना सांगते.