काकडीचं ताट
काकडी कापली की तिच्या वासाने मला आगाशीतला एक नाताळ आठवतो. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून सगळे नातेवाईक मोठ्या जावेच्या अंगणात फराळाला जमले होते. मला मधुमेह होऊन वर्ष झालं होतं आणि एका करंजीसाठी मी सकाळची भाकरी सोडली होती. जावेने विणलेल्या रुमालाखाली झाकलेलं ताट माझ्यापुढे ठेवलं. रुमाल उचलला, तर आत एक काकडी. "तुझा तर बारा महिने उपवासकाळ गं!" ती म्हणाली आणि सगळे हसले. मी काकडी खाल्ली, पण रुमाल घरी नेऊन जपून ठेवला. तीन वर्षांनी तिलाही साखर निघाली. त्या नाताळात बाजारातली सर्वांत मोठी काकडी त्याच रुमालाखाली झाकून मी सगळ्यांसमोर तिच्यापुढे ठेवली. "जाऊबाई, तुमचा फराळ!" लोक पुन्हा हसले. तिने रुमाल उचलला. तिच्या बोटांच्या टोकांवर साखर तपासायच्या सुयांचे काळे ठिपके होते, अगदी माझ्यासारखे. "रोज टोचायची सवय होते का गं?" तिने हळूच विचारलं. "नाही होत," मी म्हणाले, आणि इतकी वर्षं जपलेला सूड तिथेच बेचव झाला. क्षमा एकदा करून भागत नाही, ती इन्सुलिनसारखी रोज टोचून घ्यावी लागते, हे मला प्रवचनाने नाही, या आजाराने शिकवलं. तिला इन्सुलिन घ्यायलाही मीच शिकवलं. पहिली सुई जरा जोरातच टोचली, हे मात्र मी अजून कन्फेशनमध्ये सांगितलेलं नाही.